माझ्या मरणाच्या गाण्याचा चौथा खर्डा

मी अजून जिवंत आहे आणि माझ्या मरणाचं गाणं तीनदा लिहून झालंय. तिन्ही वेळा ते इतकं वाईट होतं, की त्याच्या भरवशावर मरायची माझी तयारी नाही.

हे सगळं शेजारच्या कुलीपामुळे सुरू झालं. कुलीपा गेल्या वर्षी बटाटे काढायच्या दिवसांत गेली. अंगणात लोकरीचा तंबू उभा राहिला, पुरुष बाहेर रांगेत उभे राहून हंबरत होते, आम्ही बायका फाटकापासूनच गळा काढत आत शिरलो. आत तिच्या दोन्ही सुना बसलेल्या. रिवाजाप्रमाणे तोंड भिंतीकडे, हात कमरेवर, डोक्याला काळा रुमाल. सगळं जागच्या जागी. फक्त थोरलीच्या मांडीवर फोन, आणि त्यात बघून ती कोशोक म्हणत होती.

कोशोक म्हणजे मेलेल्या माणसासाठी घरच्या बाईने स्वतः रचून म्हणायचं गाणं. स्वतः रचून. तर मी रुमाल काढून डोळ्यांना लावते तोच कानावर आलं, "वाऱ्यावर उडायची तुमची पांढरी दाढी!"

कुलीपाची!

कुलीपाच्या हनुवटीवर तीन केस होते, ते मी नाकारत नाही. पण ती दाढी कुणा दुसऱ्याच्या बापाची होती. कुणीतरी इंटरनेटवर घातलेलं गाणं या बयांनी उचललं, पहिल्या ओळीत बापाच्या जागी आई केलं, आणि पुढचं बघितलंच नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. कुणाच्या लक्षातच आलं नाही! सगळ्या आपल्या मुसमुसतायत आणि दाढी वाऱ्यावर उडतेय.

मी चार इयत्ता शिकले. पण या अत-बाशीच्या खोऱ्यात चाळीस वर्षं कुणाकडे मयत झालं आणि घरच्यांची जीभ लुळी पडली, की लोक माझ्याकडे, या उमसुनायकडे, घोडा पाठवायचे, पुढे पुढे गाडी. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी म्हटलेला कोशोक ऐकून सामूहिक शेतीचा अध्यक्ष रडला होता. तो आपल्या आईच्या वेळी रडला नव्हता. त्या उमसुनायच्या तंबूत उद्या फोन वाजणार? आणि दिवस फार नाहीत. उन्हाळ्यात वरच्या कुरणावर घोड्यावरून उतरले आणि छातीत असं काही पिरगळलं, की लगाम हातात धरूनच बसले. डॉक्टरीणबाईने गोळ्या दिल्या. तोंडावर जे सांगायचं टाळलं, ते मी तिच्या तोंडावरच वाचलं.

घरात लिहिणारी एक आहे. माझ्या धाकट्या मुलाची, तालायची बायको, जिपारा. टपाल कचेरीत असते. दर शनिवारी तालुक्याच्या वाचनालयात लिखाणाचा वर्ग भरतो, तिथे जाते. एकदा पेपरात तिचं छापूनही आलं, झऱ्यावर. झरा खळखळत होता, असं होतं त्यात. झरा दुसरं काय करणार?

मी तिला बोलावलं. "जिपारा, माझ्यावर कोशोक लिही."

तिने हातातली चहाची किटली खाली ठेवली. "आपा, असं काय बोलता? तुम्ही आमच्या डोक्यावर शंभर वर्षं..."

"शंभर वर्षं मी तुझ्या डोक्यावर बसले तर तुझी मान मोडेल. लिही. मला वाचून दाखव. आवडलं की मग बघू मरायचं."

आठवड्याने पहिला खर्डा आला. त्यात मी डोंगर होते. मग चंद्र. मग ससाणा. शेवटी बर्फाच्छादित शिखर.

"डोंगर कुठला?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"आपल्या खोऱ्यात मोजून सांग किती डोंगर आहेत. प्रत्येकाला नाव आहे. त्यातली मी कुठली?"

"आपा, ती उपमा आहे."

"अगं, मी उंबऱ्यावर उभी राहिले तर कडीला हात पुरत नाही. लोक म्हणतील कुणाचं मयत आहे, डोंगराचं? हे गाणं कुलीपाला चालेल, अध्यक्षाच्या बायकोला चालेल, आपल्या गाईला चालेल. जे सगळ्यांना चालतं ते माझं नाही."

तिने मान खाली घातली. ती मान खाली घालते तेव्हा मला जास्त राग येतो. पंचवीस वर्षं झाली या घरात, अजून एकदा तोंड वर करून भांडली नाही. भांडता येत नाही त्या बाईला लिहिता काय येणार?

दुसरा खर्डा त्याच्या उलट. जन्म अमुक साली, लग्न अमुक साली, पाच बाळंतपणं, मेंढपाळ म्हणून इतकी वर्षं नोकरी, इतकी पदकं. "निवृत्तीच्या अर्जाला जोड," मी म्हटलं, "पेन्शन वाढेल."

"मग काय लिहू, आपा?" तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी धार आली. मला बरं वाटलं.

"ऊठ. घरभर फिर. अशी एक वस्तू घेऊन ये जी फक्त माझी आहे. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही."

ती गेली. मला वाटलं, चांदीची कर्णफुलं आणील, नाहीतर पदकांचा डबा. सगळे तेच आणतील. पण ती आली ती माझे रबरी जोडे घेऊन. शेण लागलेले, तसेच, एका बोटावर लटकवून.

"हे काय?"

"डावा आतल्या बाजूने झिजलाय. उजवा नवा दिसतो. तुमचा उजवा गुडघा दुखतो ना, म्हणून सगळा भार तुम्ही डाव्यावर टाकता. पण दुखतो असं तुम्ही कधी बोलला नाहीत. मी जोडे धुताना बघितलं."

हा गुडघा बारा वर्षं मी पोटच्या पोरांपासून लपवला होता.

"हं," मी म्हटलं. "आता हे लिही. आणि जोडे अंगणात ठेव, गालिच्यावर वास येतोय."

जोड्यांच्या चार ओळी तिने बऱ्या केल्या. खरंच बऱ्या. मी खूश झाले, आणि तिथेच फसले. कारण तिसऱ्या खर्ड्यात त्या चार ओळींच्या पुढे काय होतं? "कठोर शब्द कधी तुमच्या ओठी आला नाही, सुनेला लेक मानलंत, लोण्यासारखं तुमचं मन..."

"थांब," मी ओरडले. "लोणी?"

"आपा..."

"परवा मी तुला काय म्हटलं, भात करपला तेव्हा?"

तिने कागद मांडीवर उलटा ठेवला.

"सांग ना. मोठ्याने सांग."

"म्हणालात, तुझ्यापेक्षा आपला कुत्रा बरा, निदान करपलेलं खातो तरी."

"मग? हे तंबूत म्हटलंस तर बाया रडता रडता थांबतील. सगळं खोरं मला ओळखतं! अशी गोडगोड म्हातारी कोण मेली, म्हणून लोक फाटकावरची पाटी वाचायला जातील. आणि तू मला थंडीत का मारलंस? तीन ठिकाणी बर्फ आहे. जमीन दगडासारखी झालेली असते, खड्डा खणताना पोरं माझ्या नावाने बोटं मोडतील. शरदात मार."

तिने कागदावर 'शरद' लिहून ठेवलं. मी कपाळाला हात लावला. सांगितलं तेवढंच ऐकते. जोडे कसे दिसले हिला? ज्या डोळ्यांनी जोडे बघितले, ते डोळे बाकीच्या वेळी कुठे जातात?

मला वाटलं, दोष त्या मास्तरचा. शनिवारी मी तालायला गाडी काढायला लावली आणि जिपाराबरोबर वाचनालयात जाऊन बसले. आठ-दहा जणं, मध्ये शेगडी. कुबात मास्तर म्हणजे गळपट्टा गुंडाळलेलं तिशीचं पोरगं. मी आत गेल्यावर सगळे उठून उभे राहिले. तेवढी रीत अजून आहे.

"आपा, वर बसा, वर," मास्तर म्हणाला.

"बसते. तू हिला काय शिकवतोस ते ऐकायला आलेय. वर्षभर येतेय, आणि अजून लोणी आणि चंद्र."

जिपारा लाल झाली. मास्तर मात्र हसला नाही, चिडलाही नाही. त्याने एक जाड फाइल काढली. "आपा, हे सगळं त्यांचं. मी वरचेवर वाचतो. या वाईट लिहीत नाहीत. या एका जागेपर्यंत येतात आणि वळतात. झऱ्याची गोष्ट घ्या. बाई पाण्याला जाते, पाठीमागे घरात बाळ रडतं. पुढच्या ओळीत झरा खळखळतो. लग्नाची गोष्ट घ्या. नव्या सुनेला बाळ होतं, आणि पुढच्या पानावर ते बाळ शाळेत जातं. मधलं पान कुठाय? मी विचारतो, तर या म्हणतात, तिथे काही घडलं नाही. जिथे लिहिणारा म्हणतो की काही घडलं नाही, तिथे मी त्याला परत पाठवतो. चंद्र आणि लोणी त्या जागेवर टाकलेली चटई आहे."

"मग उचलायला लाव चटई."

"ती माझ्या घरात नाही अंथरलेली, आपा," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं. पोरगं बोलायला मऊ, पण बघायला मऊ नाही.

आम्ही परत निघालो. मला ते पान कुठलं ते कळलं होतं. मी मठ्ठ नाही.

आमच्याकडे सुनेचं पहिलं मूल आजी-आजोबांचं. मी काही नवीन केलं नाही. जिपाराची पहिली मुलगी बेर्मेत चाळीस दिवसांची झाली, आम्ही तिला रीतीप्रमाणे चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं, आणि मग ती माझी झाली. माझ्या खोलीत, माझ्या अंथरुणात वाढली. मला 'आपा' म्हणते, आईला म्हणतात तसं. जिपाराला 'जेने' म्हणते, म्हणजे वहिनी. तेव्हा जिपारा बावीस वर्षांची होती, हातात पळी धरता येत नव्हती. मी तिला मोकळं केलं, असंच सगळे म्हणाले. तीही काही बोलली नाही. पुढे तिला दोन मुलगे झाले, ते तिचेच राहिले. बेर्मेत राजधानीत, बिश्केकमध्ये शिकून दातांची डॉक्टर झाली. कुणाचं काय बिघडलं? माझा स्वतःचा थोरला असानबेक सासूबाईंनी वाढवला. साठीला आलाय, अजून मला जेने म्हणतो. मी कधी कुरकुरले?

दोन आठवडे जिपाराने एक ओळ दाखवली नाही. मी विचारलं की ती म्हणायची, "अजून पिठात आहे, आपा." मी चिडून म्हटलं, "तुझं पीठ फसफसायच्या आत मी जाईन."

मग एका दुपारी पुरुष गवत आणायला गेले होते. ती तेलात बोर्सोक तळत होती, मी पिठाचे चौकोन कापून देत होते. एक घाणा काढून तिने हात धुतले, रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "झालंय."

"वाच."

"वाचत नाही. म्हणते."

आणि ती माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली, कमरेवर हात. कागद नव्हता. ज्या रिवाजाने बाई भिंतीकडे तोंड करून बसते तो रिवाज कुणी का काढला, हे चाळीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. भिंतीशी सगळं बोलता येतं.

जोडे आले. करपलेला भात आणि कुत्राही आला, त्यावर मला हसू फुटलं. चाल बरोबर होती, श्वास जिथे तुटायचा तिथे तुटत होता. मी मनात म्हणत होते, शिकली, अखेर शिकली. आणि मग:

"चाळीस चमचे पाणी तुम्ही मोजून घातलं, आपा,
चाळिसाव्याला लेक उचलून पलीकडे नेलीत.
भिंतीपलीकडे ती रडली, की आपा,
माझा झगा पुढून ओला व्हायचा.
म्हणालात, बदल झगा, पाहुणे येतील.
बदलला, धुतला, वाळवला, तोच घातला.
आज बघा किती पाहुणे आले, आपा,
आणि माझा झगा पुढून ओला आहे."

ती थांबली. कढईतलं तेल अजून चुरचुरत होतं.

"हे काढ," मी म्हटलं.

"का?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला या घरात कुणी 'का' म्हटलं.

"का म्हणजे? सगळ्या खोऱ्यासमोर माझी लाज काढणार? मी मेलेली, मला उत्तर देता येणार नाही, आणि तू..."

"म्हणून तर आत्ता ऐकवलं." ती वळली नव्हती. भिंतीशीच बोलत होती. "उत्तर द्या ना, आपा. खोटं आहे का?"

"खोटं असतं तर मी हसले असते! डोंगरावर हसले, लोण्यावर हसले."

"मग?"

"मग काय मग! रीत होती. तुला मी विश्रांती दिली. बेर्मेतला काय कमी केलं मी? दुपारच्या उन्हात तिच्यावर सावली धरून उभी राहिले आहे मी. हे का नाही घातलंस?"

"घालते. कुठल्या ओळीनंतर?"

मेलीने खरंच पेन्सिल घेतली! मी तिला बोचकारायला बोलले, आणि ती जागा शोधत होती. मी मनात ते गाणं पहिल्यापासून म्हणून बघितलं, त्या आठ ओळी वगळून. जोडे, भात, कुत्रा, आणि मग सरळ शेवट. बरं होतं. चार बाया रडल्या असत्या, आणि घरी जाताना माझ्या विनोदांची आठवण काढली असती. त्या आठ ओळींसकट म्हटलं तर तंबूतली प्रत्येक सून आपल्या सासूकडे बघेल. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मरणं गायलेली बाई मी. कुठली ओळ जिवंत आहे आणि कुठली भुशाची, हे मला झोपेत कळतं. या वेळी तेच कळायला नको होतं.

"सावलीची ओळ नको," मी म्हटलं. "सैल पडेल."

"आणि ती?"

"ती..." मी पिठाचा चौकोन कापला, वाकडा कापला. "चहा ओत आधी."

ती उठून आली, दोघींचे वाडगे ओतले, आणि माझ्यासमोर बसली. डोळे कोरडे होते. झगा बघायचा मी टाळला.

"आपा, तुम्ही तुमच्या सासूबाईंवर जो म्हटला होता, अध्यक्ष रडला तो, मी कधी पुरा ऐकला नाही."

हिला शिकवायला चांगला दाखला होईल, म्हणून मी म्हटला. अडतीस वर्षांनंतरही एक शब्द हलला नव्हता. सासूबाईंचा तो एकच वाडगा, जो त्या वाटसरूला देऊन स्वतः ओंजळीने प्यायच्या. लांडग्याच्या तोंडातून त्यांनी ओढून काढलेली मेंढी. त्या डोक्याला बांधायच्या त्या पांढऱ्या पागोट्याच्या तीस हात कापडाचं शिवलेलं त्यांचं कफन. मग शेवटचा निरोप. माझा आवाज म्हातारा झालाय, पण भात्यात वारा अजून आहे.

जिपाराने टाळी वाजवली नाही, वाहवा केली नाही. पेन्सिल टेकवून बसली होती.

"मेंढीनंतर थांबलात."

"श्वास घेतला."

"त्याआधी कुठेच घेतला नाहीत. मेंढी आणि पागोटं यांच्यामध्ये." तिने मान वर केली. "तिथे काय आहे, आपा?"

"तिथे काही नाही."

आणि बोलताक्षणी मला त्या गळपट्ट्याचा मास्तर आठवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"वस्तू सांगा," ती म्हणाली. माझाच आवाज, माझीच हुकमत. "अशी एक, जी फक्त तिथली आहे."

मला तिला हाकलायचं होतं. तोंड उघडलं ते त्यासाठीच.

"अस्वलाचं नख," मी म्हणाले.

तिने पेन्सिल सरसावली.

"असानबेकच्या पाळण्याला बांधलं होतं, नजर लागू नये म्हणून. पाळणा सासूबाईंच्या बाजूला. तंबूत मध्ये फक्त बोरूचा पडदा. त्यांनी झोका दिला की नख लाकडावर आपटायचं. टक्. टक्. थांबलं की मला कळायचं, झोपला."

"आणि तुम्ही?"

"मी मोजायची."

"किती दिवस?"

"दूध आटेपर्यंत."

बाहेर गवताची गाडी फाटकाशी आली, तालाय कुत्र्यावर ओरडला. जिपारा लिहीत होती. लांबून मला तिची अक्षरं वाचता येत नाहीत, पण ओळ लांब होती.

"ओळ लांब होतेय," मी म्हटलं, "श्वास पुरणार नाही. 'फक्त बोरूचा पडदा', त्यातला 'फक्त' काढ. आणि आता पेन्सिल खाली ठेव, माणसं आली, जेवायला वाढ."

तिने 'फक्त' काढला. पेन्सिल काही खाली ठेवली नाही.